दहा महिने, तीन प्रकारचं पेट्रोल, एक ऑक्टेव्हिया आरएस: प्रीमियम खरंच लागतं का?

आधी गाडीबद्दल सांगतो म्हणजे पुढचं बोलणं नीट कळेल. माझ्याकडे ऑक्टेव्हिया आरएस २३० आहे, २०१७ ची, सेकंड हँड घेतलेली, २०२४ च्या डिसेंबरच्या शेवटी पुण्यातच मिळाली. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस ताकद, ३५० एनएम टॉर्क, सहा गियरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गियरबॉक्स). गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी पंपावर गेलो आणि पोरानं विचारलं, "साहेब, साधं की पावर?" पावर म्हणजे महागडं प्रीमियम पेट्रोल. मी तिथंच अडकलो. कारण आधीची बारा वर्षं मारुती चालवली, त्यात कधी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता, "साधं" म्हणायचं आणि मीटरचा झिरो बघायचा, विषय संपला. इथं मात्र झाकण उघडलं तर आत चक्क ९५ लिहिलेलं, म्हणजे ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरा.

मग गड्यानं ठरवलं की लोक काय म्हणतात ते सोडून द्यायचं आणि स्वतःच बघायचं. जानेवारी ते ऑक्टोबर २०२५, दहा महिने, ७,३५० किलोमीटर. यातले २,८४० साध्या पेट्रोलवर, ३,९०० ९५ वर, आणि ६१० फक्त १०० ऑक्टेनवर, कारण ते खिशाला झेपत नाही, पुढे सांगतोच. प्रत्येक वेळी टाकी फुल, त्याच नॉझलच्या पहिल्या कटपर्यंत, आणि हिशोब वहीत. डॅशवरचं अ‍ॅव्हरेज मी धरत नाही, ते माझ्या गाडीत कायम अर्धा किलोमीटर जास्तच दाखवतं.

एक गैरसमज आधी काढून टाकतो कारण माझाही तोच होता. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त दम असं नसतं. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की ते पेट्रोल दाबल्यावर आणि तापल्यावर स्वतःहून पेटायला किती नकार देतं. टर्बो इंजिनात हवा आधीच कोंबून भरलेली असते, त्यात उन्हाळा, त्यात घाट, मग स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण भडकतं, त्याला नॉकिंग म्हणतात, जुन्या गाड्यांत ते टकटक असं ऐकू यायचं. आताच्या गाड्यांत ऐकू येत नाही कारण इंजिनवर नॉक सेन्सर असतो, त्याला चाहूल लागली की कॉम्प्युटर स्पार्क थोडा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं पण ताकद थोडी जाते आणि पेट्रोल थोडं जास्त जळतं. म्हणजे महागडं पेट्रोल गाडीला काही जादा देत नाही, गाडी स्वतःचा हात आखडता घेते ते फक्त थांबवतं. आणि जी गाडी मुळात हात आखडतच नाही तिला ते पेट्रोल पाजून उपयोग शून्य.

हे समजल्यावर मोजायचं काय ते पण कळलं. एक ओबीडी डोंगल घेतला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र), मोबाईलवर प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्कचं टायमिंग किती अंशांनी मागे खेचलं जातंय ते दिसतं, सोबत आत येणाऱ्या हवेचं तापमान. बायको म्हणाली, गाडी चालवतोस की ईसीजी काढतोस.

शहरातलं पटकन सांगतो कारण सांगण्यासारखं काही नाही. कोथरूड ते हिंजवडी, सकाळी दीड तास, पहिला-दुसरा-पहिला. साधं, ९५, १००, तिन्हीत आकडे शून्याच्या आसपासच. इंजिनवर ताणच नाही तर नॉकिंग होणार कुठून. इथं जो रोज ऑफिसला जायला शंभर ऑक्टेन भरतो तो चांदणी चौकातल्या गर्दीला दान करतोय.

जानेवारीत पहाटे एक्स्प्रेसवेवर पण तेच. थंड हवा, शंभरच्या लिमिटमध्ये सहावा गियर, साध्यावर एखादा-दीड अंश मागे, ९५ वर त्याहून किंचित कमी. असल्या फरकाला मी फरक म्हणत नाही.

खरी गंमत मे महिन्यात पसरणी घाटात. वाईतून पाचगणीला चढताना दुपारी दोन वाजता, बाहेर अडतीस-एकोणचाळीस, चौघं गाडीत, एसी चालू, तिसरा गियर, अडीच ते पाच हजार आरपीएम. आत येणाऱ्या हवेचं तापमान पन्नाशीच्या पुढे गेलेलं. साध्या पेट्रोलवर दोन सिलिंडर चार अंशांपर्यंत मागे, एकदा पाच. तोच घाट पुढच्या शनिवारी ९५ वर, तीच वेळ, जवळपास तेच ऊन, दोन-अडीच. आणि १०० वर? तिन्ही चढाईत मिळून एकदाच पाऊण अंश दिसला, बाकी सगळे शून्य. म्हणजे आकडे खोटं बोलत नाहीत, घाटात आणि उन्हात फरक आहे.

पण तो फरक मला जाणवतो का? इथं माझा माज उतरला. माझ्या मेव्हण्याला सांगितलं की तीन वेळा टाकी तू भरून आण, काय भरलंस ते सांगू नकोस, बिल खिशात ठेव. मी प्रत्येक टाकीवर दोन आठवडे गाडी चालवणार, डोंगलकडे बघणार नाही, आणि कागदावर लिहून ठेवणार. दर वेळी गाडी रिझर्व्हला आणून द्यायचो, तरी टाकीत पाच-सहा लिटर जुनं राहतंच, पन्नास लिटरच्या टाकीत ते मिसळतं, त्यामुळे शुद्ध चाचणी वगैरे म्हणणार नाही. सहा आठवड्यांनी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दाजी, काढा बघू तुमचा कागद." मी पहिल्या टाकीला १०० लिहिलं होतं, पिकअप मस्त वाटला होता ना. निघालं साधं. दुसऱ्याला साधं लिहिलं होतं, होतं १००. फक्त तिसरं बरोबर आलं, आणि तेही मला वाटतं नशिबानंच, कारण तेव्हा एकच पर्याय उरला होता. अजून कुठल्याही लग्नात भेटला की विचारतो, "दाजी, हा रस्सा साधा की पावर?"

सांगायचा मुद्दा असा की "१०० टाकलं आणि गाडी उडायला लागली" हे जे आपण मित्रांना सांगतो त्यात पैसे दिल्याचं समाधान बरंच असतं. मी स्वतः त्यातलाच.

आता पैशाचं. २०२५ मध्ये पुण्यात साधं १०४ च्या आसपास होतं, ९५ त्याहून सात-साडेसात रुपये जास्त, १०० तर १६० च्या पुढे. (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हाच १६० ला आलं होतं, पहिल्या यादीत मुंबई-पुणे दोन्ही होती.) माझं अ‍ॅव्हरेज साध्यावर १०.१, ९५ वर १०.४, १०० वर ११. हसू नका, पाय जड आहे. किलोमीटरमागे काढलं तर साधं १० रुपये ३० पैसे, ९५ ला १० रुपये ७० पैसे, १०० ला पंधराच्या जवळपास. माझ्या महिन्याच्या सव्वासातशे-साडेसातशे किलोमीटरला ९५ चा जादा खर्च तीनशे रुपये, १०० चा सव्वातीन हजार. तीनशे रुपये म्हणजे दोघांची एक मिसळ-ताक-सोलकढी, ते मी देईन. सव्वातीन हजारात वर्षाला टायरचा सेट येतो, आणि घाटात टायर जास्त कामाचे.

१०० वर अ‍ॅव्हरेज वाढलं ते बघून मी आधी खूश झालो, म्हटलं ऑक्टेनची कमाल. नंतर कळलं की श्रेय बहुतेक दुसऱ्याचंच आहे. साध्यात आणि ९५ मध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, १०० मध्ये नसतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे तेवढाच लिटर पण आत माल कमी. खात्री करायची म्हणून घरी एक उद्योग केला. केमिस्ट्रीवाल्या दुकानातून शंभर मिलीचं मेजरिंग सिलिंडर आणलं, त्यात दहा मिली पाणी आणि पन्नास मिली पेट्रोल, हलवून बाल्कनीत ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर फुगतो. साध्याचा खालचा थर दहाचा वीसपर्यंत आला, ९५ चाही तितकाच, १०० चा दहावरच राहिला. घरात दोन दिवस पेट्रोलचा वास, आईनं देवघराचं दार लावून घेतलं आणि समई बाहेर आणायला बंदी. तुम्ही करणार असाल तर उघड्यावर करा आणि गॅसपासून लांब.

याच इथेनॉलमुळे अजून एक गोष्ट झाली जी बऱ्याच जणांच्या लक्षात आली नाहीये. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभरच्या वर. ते वीस टक्के घातल्यावर साध्या पेट्रोलचंही ऑक्टेन वर सरकलं, पूर्वी जे ९१ म्हणायचो ते आता ९५ च्या जवळ गेलंय असं पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्टमध्ये सांगितलं, जेव्हा ई२० वरून (म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून) सगळीकडे आरडाओरडा चालू होता. शिवाय इथेनॉल वाफ होताना उष्णता जास्त शोषतं, सिलिंडर जरा थंड राहतो. त्यामुळे माझ्या घाटातल्या आकड्यांत साधं आणि ९५ यात दीड-दोन अंशांचाच फरक दिसला असणार, मला पाच-सहाची अपेक्षा होती. म्हणजे गंमत बघा, आपण ९५ च्या नॉझलला जास्त पैसे देतोय आणि शेजारचं साधं नॉझल हळूच जवळ येऊन उभं राहिलंय.

अ‍ॅव्हरेज मात्र त्यानं खाल्लंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येच आहे, शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं सहा-सात टक्के कमी होतं. माझी गाडी २०१७ ची, रबरी पाइप, सील वगैरेंची काळजी वाटते हे खरं, आणि कधीकधी १०० भरावंसं वाटतं ते ताकदीसाठी नाही तर याच्यासाठी. ज्यांच्या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, व्हिंटेजवाले, मोठ्या बाईकवाले, त्यांचं १०० घेणं मला पटतं.

"क्लीनिंग अ‍ॅडिटिव्ह असतं हो प्रीमियममध्ये" हे पण ऐकलं असेल. असतं. इंजेक्टर स्वच्छ राहायला मदत होते. पण ज्या इंजिनात पेट्रोल फक्त थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं तिथं इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पोचतच नाही, मग तिथला कार्बन कुठलं अ‍ॅडिटिव्ह धुणार? तो उघडूनच साफ करावा लागतो.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "अरे आमच्याकडे ९३ मिळतं, तुमच्याकडे ९५, मग तुमचंच भारी की." तर तसं नाही. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन आणि एमओएन. आपण आरओएन लिहितो, अमेरिकेत आरओएन आणि एमओएन यांची सरासरी लिहितात, त्यामुळे त्यांचं ९३ आपल्या भाषेत ९७-९८ च्या घरात जातं आणि त्यांचं साधं ८७ म्हणजे आपलं जुनं ९१. तिकडं एएए नावाची वाहनधारकांची मोठी संस्था आहे, त्यांनी २०१६ मध्ये तपासलं की ज्या गाड्यांना साधं चालतं त्यात प्रीमियम भरून काही मिळतं का, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी प्रीमियम "रेकमेंडेड" असलेल्या गाड्या घेतल्या तर सरासरी २.७ टक्के अ‍ॅव्हरेज आणि १.४ टक्के ताकद वाढली. माझ्या वहीतला साधं-९५ चा फरक तीन टक्के आहे. वहीला जरा बरं वाटलं.

पण या दहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ऑक्टेननं नाही. जुलैत रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो, आंबा घाटानं. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला. टाकी पाव, वाटेत कुठं ९५ दिसलं नाही, म्हटलं अडीअडचणीला साधं चालतं, मॅन्युअलमध्येही आहे, फक्त गाडी ताणायची नाही. रस्त्याकडेच्या एका पंपावर तीस लिटर टाकलं. घाट सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली, इंजिनात बिघाड सांगणारा ईपीसीचा दिवा, पाय दाबला तर गाडी जागची हलेना. पाठीमागे एसटी, एका बाजूला दरी, धुकं, बायको गप्प. बायको गप्प असते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. कसंतरी वीस-तीसच्या स्पीडनं वर आणली, मलकापूरपर्यंत रांगत आलो, तिथून फ्लॅटबेडवर (गाडी चढवून नेणाऱ्या ट्रकवर) कोल्हापूर. गॅरेजवाल्या काकांनी टाकी काढून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतली आणि शांतपणे म्हणाले, "हे बघा, पेट्रोल वर आणि तीर्थ खाली." कॅनच्या तळाला पाण्याचा स्वच्छ वेगळा थर.

म्हणजे पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं असणार. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसतं, आणि वर जे राहतं त्याचं ऑक्टेनही पडतं, कारण ऑक्टेन वाढवणारा गडीच निघून गेला. म्हणजे मी दहा महिने ९१ की ९५ की १०० करत होतो आणि खरा प्रश्न होता की पंपाच्या टाकीचं झाकण नीट लावलंय का. टाकी साफ, फिल्टर, फ्लॅटबेड, एक रात्र लॉज, सगळं मिळून जेवढे गेले त्यात दोन वर्षं ९५ चा फरक भरून निघाला असता.

तेव्हापासून नियम असा की पंप ठरलेले. जिथं गर्दी असते, टँकर रोज येतो, तिथंच. पावसाळ्यात टँकर उतरत असेल तर पुढे जायचं, तळाचं सगळं ढवळलेलं असतं. शंका आली तर डेन्सिटी विचारायची, फिल्टर पेपर मागायचा, पाच लिटरचं माप मागायचं, गिऱ्हाईकाला तो हक्क आहे, पंपवाला तोंड वाकडं करेल पण देतो. आणि लहान गावात ९५ चं नॉझल असलं तरी मी जरा बिचकतो, दिवसाला कोण घेत असेल तिथं ते, किती दिवस पडून असेल. त्यापेक्षा तिथलं रोज खपणारं साधं ताजं असतं. हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

पंपावरच्या पोरांचं पण एक. हल्ली बरेच जण न विचारताच प्रीमियमचं नॉझल लावतात, "साहेब, ते साधं बंद आहे" म्हणतात. गाडी लाल आहे आणि मागे आरएसचा बिल्ला आहे हे बघितलं की तर हमखास. आईच्या वॅगनआरमध्येही एकदा असंच ९५ गेलं. आई म्हणाली गाडी हलकी चालतेय. मी काही बोललो नाही.

स्टेज वन करून घेतलेल्यांसाठी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग (मॅप) बदलून ताकद वाढवलेल्यांसाठी, वरचं काही लागू नाही. माझ्या मित्राची पोलो जीटी टीएसआय आहे, रिमॅप केलेली, ट्यूनरनं बूस्ट आणि टायमिंग ९५ धरूनच वाढवलंय. तिच्यात साधं टाकून घाटात पाय दाबणं म्हणजे नॉक सेन्सरच्या भरवशावर संसार. तिथं प्रीमियम ही हौस नाही, मॅपचा भागच आहे. १०० चा मॅप घेणाऱ्यांनी तर आधी हे बघावं की आपण ज्या रस्त्यांनी फिरतो तिथं ते मिळतं का, साताऱ्याच्या पुढे गाडी रिझर्व्हला आली आणि जवळ १०० नाही, मग करणार काय.

तर माझं सध्याचं असं चाललंय. शहरात साधं आणि ९५ आलटून-पालटून, खरं सांगायचं तर जो पंप वाटेत येईल त्याप्रमाणे. मार्चपासून जूनपर्यंत आणि घाटाचा बेत असला की ९५, आदल्या दिवशीच टाकी बऱ्यापैकी रिकामी करून, कारण अर्ध्या टाकी साध्यावर वरून ९५ टाकलं की मधलंच काहीतरी होतं. १०० वर्षातून एकदा, गाडीच्या वाढदिवसाला म्हणा हवं तर. परवा पुन्हा कोल्हापूरला निघायचंय, आंबा घाट नाही, नेहमीच्या हायवेनं. टाकीत पंधरा लिटर आहेत, आज संध्याकाळी ऑफिसातून येताना नळस्टॉपकडून लांबचा वळसा घेऊन जमतील तेवढे संपवतो. मेव्हणा पण येणार आहे सोबत, त्याला मात्र काय भरलंय ते सांगणार नाहीये, यावेळी कागद त्याच्याकडे.